आम्ही दोघी अंगानं भरलेल्या, स्कूटर कुठली घेऊ?



मागच्या महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाचून दाखवत होते. एका गटातल्या दोघींनी मिळून स्कूटरसाठी मागणी टाकली होती. एकीचं मसाल्याचं काम, दुसरी तिच्याबरोबर वर्तकनगरच्या बाजारात विक्रीला जाते. त्यांनी विचारलं, "ताई, आम्ही दोघी अंगानं भरलेल्या. आमचं वजन पेलेल अशी स्कूटर कुठली?" सगळी बैठक हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्हाला टेम्पोच लागेल गं!" खरं सांगते, मीही हसले. त्या दोघीही हसल्या, पण पुढे त्यांनी तो विषयच काढला नाही.

घरी आल्यावर मला वाईट वाटलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. शोरूममध्ये आपण रंग विचारतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो. ही गाडी किती किलो वाहते, हे कोणी विचारत नाही. आणि हसण्याचा हक्क तर मला अजिबातच नव्हता. त्याचं कारण आधी सांगते.

येऊरच्या उतारावर

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना येऊरचा रस्ता माहीत आहे. पाटोणपाडा, जांभुळपाडा या पाड्यांवरून खाली आलं की वनखात्याचं फाटक लागतं, मग उतार संपून उपवन तलाव, आणि तिथून वर्तकनगर नाका. गेल्या पावसाळ्यात मी एका ताईंना मागे बसवून तो उतार उतरत होते. त्यांच्या मांडीवर कंटोळी आणि टाकळ्याची टोपली होती. माझी गाडी जुनी, हलकी, मैत्रिणीकडून घेतलेली. पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर इंजिन बंद करायची मला सवय होती. मागच्या चाकात हवा कमी होती. शेवटची कधी भरली ते मला आठवतही नव्हतं.

वळणावर समोर रिक्षा आली. मी मागचा ब्रेक जोरात दाबला. चाक जाम झालं, गाडी आडवी सरकली आणि आम्ही दोघी रस्त्यावर. मला खरचटण्यावर भागलं. ताईंचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. भाकरी थापता येईना, भाजी खुडता येईना. रानभाजीचा हंगाम असतो किती दिवसांचा? तेवढ्यात त्यांची वर्षाची कमाई होते. ती गेली. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "माझंच वजन जास्त, म्हणून पडलो."

ताईंनो, त्यांच्या वजनामुळे आम्ही पडलो नव्हतो. मी हवा बघितली नव्हती, इंजिन बंद केलं होतं, ब्रेक चुकीचा दाबला होता, आणि ती गाडी दोघींना आणि टोपलीला किती पेलते हे मला माहीतच नव्हतं. त्यानंतर मी गॅरेजवाल्या दादांना, पंक्चरवाल्या काकांना आणि शोरूममध्ये खूप प्रश्न विचारले, गाड्यांच्या पुस्तिका वाचल्या. जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी वजन. तो फक्त एक आकडा आहे

पिठाच्या गिरणीत आपण दळण मोजून देतो, तेव्हा गव्हाला लाज वाटत नाही. तसंच हे. आरोग्य केंद्रातल्या काट्यावर दोघींनी वजन करून घ्या. मनाशी दोन-चार किलो कमी करू नका, चाकाला खरं वजनच कळतं.

त्या मसालेवाल्या ताईंचा हिशेब आम्ही असा केला:

चालवणारी: ७४ किलो.
मागे बसणारी: ७९ किलो.
दोन हेल्मेट, पर्स, रेनकोट, पाण्याची बाटली: साधारण ५ किलो.
बेरीज: १५८ किलो.
मसाल्याची पिशवी: १२ किलो.
एकूण: १७० किलो.

आता गाडीची बाजू. प्रत्येक स्कूटरला कंपनीने एक मर्यादा ठरवलेली असते. गाडीवर बसणारी माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल, तो आकडा. त्याला पेलोड म्हणतात. तो गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असतो. मी पाहिलेल्या पुस्तिकांमध्ये ११० ते १२५ सीसीच्या स्कूटरचा हा आकडा साधारण १३० ते १६० किलोच्या आसपास दिसला. म्हणजे १३० वाली गाडी घेतली तर आपल्या या दोघी बसल्या की २८ किलो जास्त, पिशवी ठेवली की ४० किलो जास्त. गाडी लगेच मोडणार नाही, रोज धावेलही. पण ब्रेक उशिरा लागेल, चाक लवकर झिजेल, शॉकअप बसेल, आणि अडचणीच्या क्षणी गाडी तुमचं ऐकणार नाही.

पुस्तिकेत पेलोड थेट दिला नसेल तर वजाबाकी करा. गाडीचं स्वतःचं वजन आणि माणसांसकट जास्तीत जास्त एकूण वजन, असे दोन आकडे असतात. समजा एकूण वजन २६० आणि गाडीचं स्वतःचं १०८, तर उरले १५२. एवढंच तुमच्या वाट्याचं.

शोरूममधला मुलगा म्हणेल, "मॅडम, काही नाही होत, तीन-तीन जण बसतात." त्याला शांतपणे सांगा, "दादा, पुस्तिका दाखवा." पुस्तिका दाखवायला पैसे पडत नाहीत. आणि आकडा दोघींच्या वजनापेक्षा कमी निघाला, तर ती गाडी चांगली असेल, पण तुम्हा दोघींची नाही. दुसरी बघा.

चाकावर लिहिलेलं वाचा

टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, ९०/९०-१२ ५४जे. पहिले दोन आकडे टायरची रुंदी आणि उंची सांगतात. १२ म्हणजे चाक बारा इंची. आपल्या कामाचा आकडा आहे ५४. ते किलो नाहीत, तो वजनाचा क्रमांक आहे. त्याचा अर्थ असा:

५१ म्हणजे १९५ किलो.
५२ म्हणजे २०० किलो.
५३ म्हणजे २०६ किलो.
५४ म्हणजे २१२ किलो.

एका चाकाला एवढं चालतं. मग तुम्ही म्हणाल, दोन चाकं मिळून चारशे किलो झाले की! नाही. डबल सीट बसल्यावर वजन दोन्ही चाकांवर सारखं पडत नाही. स्कूटरचं इंजिन मागे असतं, त्यामुळे गाडीचं अर्ध्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकावर. मागे बसणारी बाई तर जवळजवळ त्या चाकाच्या डोक्यावरच बसते.

ढोबळ हिशेब करू. गाडी १०६ किलोची, त्यातले ६४ मागे. चालवणारी ७४, त्यातले ४५ मागे. मागची ७९, त्यातले ७५ मागे. झाले १८४. टायरला चालतात २०६. शिल्लक २२ किलो. आता खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर चाकावरचा भार कितीतरी वाढतो. आपल्या रस्त्यांवर खड्डे किती, ते मी सांगायला नको. आणि टायरचा तो २०६ चा आकडा हवा पूर्ण भरलेली असेल तेव्हाचा आहे. हवा कमी, तर ताकद कमी.

शक्यतो मागेही बारा इंची चाक असलेली गाडी बघा. काही गाड्यांना पुढे बारा आणि मागे दहा इंची असतं. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं. टायर ट्यूबलेस असावं. खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, दोघी बसलेल्या असताना चाक एकदम बसत नाही.

हवा: रोजच्या खर्चातला सगळ्यात स्वस्त विमा

बऱ्याच स्कूटरवर हवेचे तीन आकडे लिहिलेले असतात. पुढे २२, मागे एकटीला २९ आणि डबल सीटला ३६ पीएसआय, अशा धर्तीवर. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर बघा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पंपावरचा मुलगा न विचारता अंदाजाने हवा भरतो. त्याला आकडा सांगा, "मागे छत्तीस, डबल सीट आहे."

आठवड्यातून एकदा हवा बघायची. गटाच्या बैठकीचा वार तोच हवेचा वार ठेवा, म्हणजे विसरणार नाही. गाडी थंड असताना बघायची, खूप चालवून आल्यावर नाही, कारण तापलेल्या चाकात आकडा जास्त दिसतो.

ब्रेक: गाडी पळवणारं इंजिन नंतर बघा, थांबवणारं आधी

वजन वाढलं की गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. आणि वेगाचं गणित त्याहून अवघड आहे. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचं काम दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणून दोघी असताना वीसचा वेग आणि चाळीसचा वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेकची सोय बंधनकारक झाली. डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर थोडा पुढचाही ब्रेक लागतो. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर ही सोय आहे का ते नक्की बघा. आणि सोय असली तरी दोन्ही लिव्हर वापरायची सवय लावा. आपल्याला लहानपणापासून सांगतात, "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील." ते अर्धंच खरं आहे. वळणावर, वाळूत, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पडाल. पण सरळ रस्त्यावर दोन्ही एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबले तर गाडी सगळ्यात लवकर थांबते. नुसता मागचा दाबला तर चाक जाम होऊन गाडी सरकते. माझं तेच झालं.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल मिळत असेल आणि चार पैसे जास्त पडत असतील, तर अलॉय व्हील आणि चकचकीत रंगाचे पैसे वाचवा, डिस्कवर घाला. लांब उतारावर डिस्क लवकर थंड होते.

आणि उतारावर इंजिन बंद करू नका. मी केलेली चूक तुम्ही करू नका. स्कूटरला गिअर नसले तरी इंजिन चालू असेल, तर गाडी थोडी स्वतःला आवरते. बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. शिवाय उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. वेग आल्यावर ओढून धरण्यापेक्षा येऊच न देणं सोपं.

सीट, पाय आणि साडी

दोघींना घेऊनच शोरूममध्ये जा. एकटीने गाडी पसंत करून येऊ नका. आणि पुढच्या गोष्टी तिथेच तपासा.

चालवणारीचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, नुसती बोटं नाही. दोघी उभ्या गाडीवरून पडण्याचे प्रसंगही येतात. सिग्नलला, फाटकाजवळ, चढावर थांबताना. गाडी आणि मागची मिळून दोनशे किलोच्या जवळपास होतात. ते एका बाजूला कललं की कोणाच्या हातात राहत नाही. दिसायला भारदस्त पण उंच सीटची गाडी बुटक्या ताईने घेऊ नये.

दोघी सीटवर बसून बघा. मागचीला पूर्ण बसायला जागा हवी. ती सीटच्या टोकावर लोंबत असेल तर सगळं वजन चाकाच्याही मागे जातं आणि चढावर पुढचं चाक हलकं होतं. मागे धरायला दांडी मजबूत हवी. मागचीचे पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत.

साडीगार्ड तर हवाच. मागच्या सीटवाल्याला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्म्याहून जास्त झाकणारं आवरण, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितल्या आहेत. ती सोय तुमच्या हक्काची आहे, उपकार नाही. सेकंडहँड गाडीत साडीगार्ड काढून टाकलेला असतो. तो बसवून घेतल्याशिवाय गाडी घेऊ नका.

आता नाजूक गोष्ट. एका बाजूला पाय सोडून बसायचं की दोन्हीकडे? मागचीचं वजन एका बाजूला गेलं की चालवणारीला गाडी सतत दुसऱ्या बाजूला सावरावी लागते. वजन जेवढं जास्त, तेवढा ताण जास्त. दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित. सलवार घाला, किंवा साडीखाली लेगिंग घाला. लोक काय म्हणतील? आपल्या आज्या कासोटा घालून भातलावणी करायच्या, गाडीबैलावर चढायच्या, त्यांना कोणी काही म्हटलं नाही. पदर आणि ओढणी मात्र घट्ट खोचून घ्या, मागे उडता कामा नये.

चढण्याचा क्रम पाठ करा. आधी चालवणारी बसणार, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले. मग ती म्हणणार, "बस." मग मागची चढणार, खांद्याला धरून हळू, उडी मारून नाही. उतरताना उलट. "उतर" म्हटल्याशिवाय उतरायचं नाही.

शॉकअप आणि इंजिन

मागच्या शॉकअपचा कडकपणा कमी-जास्त करता येतो का, ते विचारा. काही स्कूटरला तशा तीन पायऱ्या असतात. दोघींना नेहमी जायचं असेल तर गॅरेजमध्ये एक पायरी कडक करून घ्या. मग स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासत नाही. दोघी बसल्यावर गाडी जमिनीपासून किती उरते, ते वाकून बघायला लाजू नका.

इंजिनबद्दल थोडक्यात. ११० सीसी आणि १२५ सीसी यांत ओढण्याच्या ताकदीचा फरक आहे. कागदावर तो टॉर्क या नावाने लिहितात. ११० ला तो साधारण ९ च्या आसपास असतो, १२५ ला १० ते साडेदहा. आकडा लहान वाटतो, पण दोघी बसून चढ चढताना कळतो. रोज सपाट रस्त्यावर जायचं असेल तर ११० पुरते. पाड्यावर, घाटात, चढावर राहत असाल तर १२५ चा विचार करा. ९० सीसीच्या हलक्या गाड्या एकटीला छान, दोघींना नाहीत.

टेस्ट राईड दोघींनी मिळून घ्या, लायसन्स बरोबर ठेवा. शोरूमवाले सरळ सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. त्यांना सांगा, जवळचा चढ दाखवा. वर्तकनगरला असाल तर उपवनकडून येऊरकडे थोडा चढ चढून बघा. मध्येच थांबा आणि पुन्हा निघा. गाडी मागे घसरत असेल, कण्हत असेल, तर तिला तुमचं ओझं जड जातंय.

बॅटरीची घ्यावी का?

बॅटरीच्या स्कूटर दोन प्रकारच्या. एक नंबरप्लेटवाली, पासिंग झालेली. तिला पेलोडचा वरचाच नियम लावा, आणि लक्षात ठेवा की दोघी आणि चढ असेल तर एका चार्जिंगमध्ये जेवढे किलोमीटर सांगतात त्यापेक्षा कमी जाते. दुसरी बिननंबरची, "लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही" म्हणून विकतात ती. ती मोटार २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा असतो, म्हणून नियमातून सूट आहे. स्वस्त आहे, पण दोन मोठ्या माणसांना घेऊन चढ चढण्यासाठी ती बनवलेलीच नाही. गटाचं कर्ज काढून ती डबल सीटसाठी घेऊ नका.

जुनी गाडी घेताना

मागच्या शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का बघा. असतील तर तो गेलेला आहे. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३२२ असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी टायर फार जुना असेल तर रबर कडक होतं, पावसात सरकतं. दोन्ही ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलून बघा. आरसी बुकवर फायनान्सचा बोजा आहे का बघा. असेल तर आधी तो उतरवायला सांगा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय आणि आरसी नावावर करायला दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ठाण्याच्या एमएच-०४ ची असो की कल्याणच्या एमएच-०५ ची, नियम एकच.

कर्जाचं गणित

शोरूममध्ये किंमत विचाराल तेव्हा "ऑन रोड किती" असं विचारा. त्यात नोंदणी, रोड टॅक्स आणि विमा आला पाहिजे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून घ्यावाच लागतो. दोन आयएसआय हेल्मेटचे पैसे पण कर्जाच्या मागणीतच धरा. मागे बसणारीलाही हेल्मेट कायद्याने लागतं. एकच हेल्मेट घेऊन "मागचीला कशाला" म्हणू नका. माझ्या अनुभवात मागचीलाच जास्त लागलं.

व्याजात फसू नका. समजा ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले. गटाकडून महिना एक टक्क्याने, दरमहा २,५०० मुद्दल फेडत आणि उरलेल्या रकमेवरच व्याज भरत गेलात, तर दोन वर्षांत व्याज होतं ७,५०० रुपये. बाहेरचा फायनान्सवाला पण म्हणेल, "बारा टक्केच." पण त्याचं व्याज फ्लॅट असेल, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर, तर होतात १४,४०० रुपये. टक्का तोच, फरक ६,९०० चा. एवढ्यात दोन चांगली हेल्मेट, डिस्क ब्रेकचा फरक आणि नवा टायरही येईल.

तिसरी बसवायची नाही

हे कठोर आहे, पण लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालवणारीच्या मागे एकच माणूस. मोडलं तर कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. पण दंडासाठी नाही, हिशेबासाठी सांगते. दोघींनीच गाडीची मर्यादा गाठली असेल तर मध्ये बसवलेलं पोर हे मर्यादेच्या वरचं ओझं आहे, आणि पडल्यावर आधी तेच फेकलं जातं.

त्या दोघींनी काय केलं

बैठकीनंतर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, आधी माफी मागितली, मग वही काढली. दोघींनी वजन केलं. तीन शोरूम फिरल्या. पहिल्या ठिकाणी पुस्तिकेतला आकडा कमी निघाला. दुसरीकडे पुस्तिकाच दाखवेनात, तिथून उठून आल्या. तिसऱ्या ठिकाणी १२५ सीसीची, पुढे डिस्कवाली मिळाली. तिचा पेलोड त्यांच्या १५८ किलोला पुरत होता, पण मसाल्याच्या पिशवीला नाही. मोठी ताई म्हणाली, "मग पिशवी शेअर रिक्षाने जाईल. आपण दोघी गाडीने." महिन्याला रिक्षाचा थोडा खर्च वाढला, तो त्यांनी मसाल्याच्या भावात धरला.

गटाने कर्ज मंजूर केलं. ठरावात लिहिलं आहे: दोन हेल्मेटसह.

ज्या ताईंचं मनगट मोडलं होतं, त्या आता माझ्या मागे पुन्हा बसतात. पण निघण्याआधी अंगठ्याने मागचं चाक दाबून बघतात आणि विचारतात, "हवा?" मी आकडा सांगते, मगच त्या चढतात. मला त्याचा राग येत नाही. तो प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता.

शोरूममध्ये नेण्याची यादी (हे पान कापून पर्समध्ये ठेवा)

१. दोघींचं खरं वजन अधिक ५ किलो, अधिक रोजचं सामान. एकूण किती?
२. पुस्तिकेत पेलोड किती? तो आपल्या बेरजेपेक्षा जास्त आहे का?
३. मागच्या टायरवरचा वजनाचा क्रमांक किती? चाक किती इंची?
४. डबल सीटला मागे हवा किती? फोटो काढला का?
५. पुढे डिस्क आहे का? जोड-ब्रेक आहे का?
६. चालवणारीचे दोन्ही पाय पूर्ण टेकतात का?
७. मागचीला पूर्ण सीट, दांडी, फूटरेस्ट, साडीगार्ड आहे का?
८. शॉकअप कडक करता येतो का? दोघी बसल्यावर पोट घासतं का?
९. चढावर दोघींनी टेस्ट राईड घेतली का?
१०. ऑन रोड किंमत किती? व्याज फ्लॅट की उरलेल्या रकमेवर?
११. हेल्मेट दोन घेतली का?

पुढच्या बैठकीला ज्या गटांकडे आधीपासून स्कूटर आहे त्यांनी गाडी घेऊन या. मी हवेचा मीटर आणते. बैठकीआधी अर्धा तास सगळ्यांच्या चाकाची हवा आणि टायरचे आकडे आपण मिळून बघू. आणि कोणी वजनाचा प्रश्न विचारला, तर या वेळी हसायचं नाही, वही काढायची.

तुमची,
क्षेत्र समन्वयक